बिनमिठाचं कालवण

आई, आज दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात गंमत झाली. धाकट्या भावजींच्या मुलाचं लग्न होऊन महिनाही झालेला नाही, आणि त्याची बायको आज पहिल्यांदा एकटीने कालवण करायला उभी राहिली. माहीमची मुलगी आहे, हात चांगला आहे तिचा. वाटण परतलं, आंबट घातलं, पापलेटच्या तुकड्या सोडल्या आणि मला विचारलं, "काकी, मीठ किती घालू?" मी तोंड उघडायच्या आधीच ओटीवर बसलेले सगळे पुरुष एका सुरात ओरडले, "नाय!" पोरगी इतकी दचकली की डाव हातातून सुटून कालवणात बुडाला. मग तिच्या नवऱ्याने मांडणीवरची ती मिठाची स्टीलची वाटी काढून ताटांच्या मधोमध ठेवली आणि ऐटीत सांगितलं, "आमच्यात मीठ वरून घेतात." जणू पिढ्यान् पिढ्यांची रीत! ती मला हळूच म्हणाली, "असं कुठं असतं, काकी?" खरंच, असं कुठेच नसतं. सातपाटीत तर नसतंच, जिथे निम्मं गाव मासे आणि मीठ यांच्यावर उभं आहे. तिला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, मग वाटलं, आधी तुमच्याशीच बोलावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने म्हणते आहे. तुमच्या मुलाने दोनदा आत डोकावून विचारलं, कोणाशी बोलतेस? "तुमच्या आईशी," म्हटलं. दार हळूच ओढून घेऊन बाहेर गेले.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्हाला फारशी पसंत नव्हते. तुम्ही ते लपवलंही नव्हतं. जातीची कोळीण, पण वाढलेली बोईसरला, कंपनीच्या कॉलनीत. वडील तारापूरच्या कारखान्यात, शेजारीपाजारी हिंदी बोलणारे. मला बोंबील साफ करता यायचे, पण ते बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने अडकवून वाळत घालायचे म्हटलं की माझी तारांबळ उडायची. तुम्ही मला 'कंपनीवाली' म्हणायचात. "कंपनीवाली, हात चालव जरा. सूर्य काय ओवरटाइम करनार नाय." बायका हसायच्या, मी आत जाऊन रडायचे. माझ्या आईला मी अगं म्हणायचे आणि तुम्हाला अहो. पुढे पुढे दोघींमध्ये तेवढाच फरक उरला, पण त्यासाठी मला आधी आजारी पडावं लागलं.

लग्नानंतर थोड्याच काळात माझी पाळी थांबली. आजच्यासारखी पट्टी आणून बघायची पद्धत नव्हती, निदान आपल्या घरात नव्हती. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघत होतात, आणि डोळ्यांना दिसत होतं ते काही खोटं नव्हतं. सकाळी मळमळ, माशाचा वास नकोसा, दिवसभर पेंग. गळ्याखाली बारीक लाल ठिपके उठलेले, प्रत्येकाच्या भोवती लाल रेघा. तळहात तर असे लाल की मेंदी उतरतेय वाटावं. तुम्ही एकदा माझा हात उजेडात धरून म्हणालात, "बघ, अंगात रगत वाढलंय. पोर लागलंय अंगाला." मग पोटही दिसायला लागलं. तुम्ही बातमी कोणाला सांगितली नाहीत, फक्त शेजारणीला, म्हणजे अख्ख्या बंदराला. मग काय, माझे लाड सुरू झाले. कोणी लोणचं आणतंय, कोणी पापड, कोणी सुकटाची चटणी, कोणी खारवलेला मासा भाजून. तोंडाला चव नसल्याने मला तेवढंच गोड लागायचं. मी खात होते, पोट वाढत होतं, आणि तुम्ही दिवसेंदिवस खुलत होतात. कंपनीवाली म्हणणंही बंद झालं. हातपाय मात्र माझे काटक्यांसारखे होत चालले होते. आत काहीतरी बरं नाही हे मला कळत होतं, पण एवढ्या आनंदात तोंड उघडायचं कसं?

पालघरची ती सोनोग्राफीची खोली मला अजून दिसते. तुम्ही तुमची टोपली बाजारात ओळखीच्या बाईपाशी ठेवून आला आहात, हाताला माशाचा वास नको म्हणून लिंबू चोळलं आहे. मी पलंगावर, तुम्ही पायथ्याशी. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवताहेत आणि काहीच बोलत नाहीत. तुम्ही पडद्याकडे असं टक लावून बघताय की आत्ता नातू हात हलवेल. शेवटी त्या म्हणतात, "आजी, बाळ नाही. हे पाणी आहे. हिचं लिव्हर खूप खराब दिसतंय." मला वाटलं, संपलं. आता हे मला बोईसरला सोडून येणार. मी तुमच्याकडे बघायचं धाडसच करत नव्हते. आणि तुम्ही विचारलंत, "पोर नाय ते समजलं, बाय. ही जगल ना?" आई, त्या खोलीत तुम्ही दुसरं काहीही विचारलं असतंत तरी मी तुम्हाला दोष दिला नसता. इतक्या महिन्यांची आशा तुम्ही एका वाक्यात बाजूला ठेवलीत, आणि तीसुद्धा अशी, जशी वाटेतली टोपली सरकवावी.

पुढे तपासण्या झाल्या. शरीर आपल्याच लिव्हरवर उलटतं असा तो आजार निघाला, बरेच दिवस आतल्या आत धुमसत असलेला. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला समोर बसवून समजावलं. बाईच्या अंगातली हार्मोन्स काम झालं की लिव्हर मोडून टाकतं. हिच्याच्याने ते होत नाही, म्हणून ती रक्तात साचतात, म्हणून तळहात लाल, म्हणून ते ठिपके. पोटुशी बाईलाही असेच होतात, तेव्हा आजी, तुमचं काही चुकलं नाही. अंग इतकं थकलंय की मेंदूने पाळीचा निरोप धाडणंच सोडून दिलंय. आणि जेवणातली साखर रात्रीसाठी लिव्हर साठवून ठेवतं, हिला तो साठा करता येत नाही. धडधाकट माणसाचं दोन-तीन दिवसांच्या उपासाने जे होईल, ते हिचं एका रात्रीत होतं. अंग स्वतःचंच मांस खायला लागतं. तुम्ही जरा विचार केलात. "म्हंजे बोटीतला बरफाचा खण फुटला हिचा. साठवून उपेग नाय, सारखं थोडं थोडं भरत ऱ्हायला पायजे." बाई हसून म्हणाल्या, अगदी तसंच. झोपायच्या आधी खायला द्या, उठल्या उठल्या द्या, अंडी द्या, डाळी द्या, उपास एकही नको, आणि मिठाने पोटात पाणी धरतं, तेव्हा मीठ जवळजवळ बंद.

गावात रिक्षातून उतरलो तर शेजारीण दारातच. "काय बोलली डाक्टरीन? कितवा लागलाय?" मी पदर पोटावर ओढून घेतला. तुम्ही मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पोर नाय. लिवर बिघडलंय हिचं. आता कोनी लोनचं-पापड आनू नका. आनायचीच तर अंडी आना." लिव्हर म्हटलं की आपल्याकडे आधी बाटली आठवते, तशी कोणीतरी कुजबुजलीच. तुम्ही वळून म्हणालात, "हिला चाय पन दोन कप पचत नाय, दारू कसली पिते!" त्या आठवड्यात घरात इतकी अंडी आली की ठेवायला जागा उरली नाही. लपवालपवी केली असतीत तर लोकांनी मला वर्षभर चघळलं असतं. तुम्ही ओरडून टाकलंत आणि विषयच संपला.

मग मिठाची गोष्ट. माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवू, असं माझी आई भेटायला आली तेव्हा म्हणाली. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यातच मीठ घातलं नाहीत. तुमच्या मुलाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तुम्ही ही वाटी त्याच्यापुढे आपटलीत. "ज्याला पायजे त्यानं वरून घ्या. एका घरात दोन पातेली नाय." आणि स्वतः मात्र वाटीला हात लावला नाहीत. दिवसभर मिठात हात घालून मासे खारवणारी बाई, बोटांच्या भेगांमध्ये मीठ बसलेलं, आणि घरी येऊन आळणी भात कालवून खात होतात. मी एकदा म्हटलं, तुम्ही तरी घ्या. तर म्हणे, "बाजारात खाते ना वास. पुरं झालं."

निजायच्या आधी तुम्ही मला नाचणीची पेज नाहीतर दूधपोहे वाटीभर द्यायचात आणि संपेपर्यंत समोरून हलायचा नाहीत. एके दिवशी तुम्ही कोणाच्या तरी हळदीला गेला होतात, आणि मी कंटाळून ती वाटी तशीच झाकून ठेवली. सकाळी माझे हात थरथरत होते, बोलायचं एक आणि तोंडातून निघत होतं भलतंच. साखर-पाणी पाजून तुम्ही मला भानावर आणलंत आणि मग जे झापलंत! "तुला जगायचं नसल तर आत्ताच सांग. मी काय उगाच मीठ सोडलंय?" आजवर इतक्या डॉक्टरांनी मला समजावलं, पण माझ्या कानात बसलंय ते हेच. वटपौर्णिमेला मी गुपचूप उपास धरायच्या बेतात होते, तर तुम्ही सकाळीच मला अंड्याची पोळी खायला लावलीत. "तुझा उपास मी धरते. तुझा नवरा माझा पोरगा हाय. त्याच्यासाठी कोनी पन उपाशी ऱ्हायलं तर देवाला चालल." विधवा बाईने वटपौर्णिमा धरली म्हणून बायका बोलल्या. तुम्ही दर वर्षी धरलीत.

गोळ्यांनी हळूहळू पोटातलं पाणी ओसरलं. तोंड मात्र सुजून गोल झालं, ओठावर लव आली, साखर वाढली. मी आरसा टाळायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात. तुम्ही खुश. "नाव तरी चांगलं ठेवलंय!" आणि मग ती नारळी पौर्णिमा. तुम्ही नवं लुगडं नेसून, सजवलेला नारळ ताटात घेऊन बंदरावर निघालेल्या, आणि मी मोरीतून बाहेर येऊन तुमच्या कानात सांगते, आई, मला बाजूला बसायला हवं. सणाच्या ऐन दिवशी! आधीची वेळ असती तर तुम्ही कपाळावर हात मारला असतात.  तुम्ही ताट खाली ठेवलंत, माझं ते गोल तोंड दोन्ही हातांत धरलंत आणि रडायलाच लागलात. मग डोळे पुसून म्हणालात, "तू घरात बस. मी समिंदराला सांगून येते." मला वाटलं, मनात सांगाल. बंदरावर शेजारणीने विचारलं, आज एवढी खुश का, तर तुम्ही नारळ हातात धरून सगळ्या गावासमोर म्हणालात, "सुनेची पाळी आली!" पुरुष वाळूकडे बघायला लागले. तुमचा मुलगा चार दिवस बंदरावर मान वर करून चालला नाही. घरी हे कळलं तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की या जगात माझ्याइतकी लाडकी सून दुसरी नसेल.

मूल मला झालं नाही. होऊ शकेल पण धोका आहे, असं पुढे बाई म्हणाल्या, आणि मी बोलायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "मग नको. एकदा हातातून सटकत होती ही." त्यानंतर तुम्ही त्याबद्दल एकदाही सुस्कारा टाकला नाहीत. निदान माझ्यासमोर नाही. भावजींना मुलगा झाला तेव्हा तुम्ही त्याला आधी माझ्या मांडीवर ठेवलंत. तोच हा, आज वाटी काढून ऐट मारणारा.

तुम्ही शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा तिथली डाळ तोंडात घेतलीत आणि थुंकलीत. "खारट हाय." मी चाखून पाहिली. चांगली होती, सगळ्या घरांत असते तशी. जन्मभर मिठात वावरलेल्या माणसाची जीभ माझ्यापायी मीठ विसरली होती. मी घरून आळणी पेज आणली, तुम्ही ती वाटीभर संपवलीत, आणि मी संपेपर्यंत समोरून हलले नाही.

आज जेवणं झाल्यावर नव्या सुनेला मी यातलं थोडंसं सांगितलं. ती वाटी विसळता विसळता म्हणाली, "काकी, पन आता तुमी बऱ्या दिसता. डॉक्टरांना विचारा ना, पातेल्यात जरासं चालल का." मी म्हटलं, बघू, पुढच्या वेळी विचारते.

विचारून झालंय, आई. तुम्ही गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टर आपणहून म्हणाले होते की आता पाणी नाही, बेताचं मीठ घातलं तरी चालेल. मी घरी आले, पातेलं चुलीवर ठेवलं, चिमूट हातात घेतली, आणि परत डब्यात टाकली. मीठ पातेल्यात पडलं की ती वाटी मांडणीवरच राहील, आणि मग जेवताना तुमचं नाव निघायला कारण उरणार नाही. घरात मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.