तेलाखालचं मीठ

४ मार्च

चि. भावजींस,
अ. उ. आ. (सत्तरी गाठलीत तरी धाकटे दीर ते धाकटेच.)

हे गेले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून तुमची एक ओळ नाही. मीही कुठे लिहिलं म्हणा. पण आता कामच असं पडलंय की तुमच्यावाचून विचारू कोणाला?

यांची रायफल मी विकली नाही. परवाना माझ्या नावावर करून घेतला आणि रविवारी नेमबाजी क्लबात जायला लागले. हसू नका. घरात दिवसभर बोलतो तो फक्त फ्रिज. तिथे निदान कानठळ्या तरी बसतात. गेल्या रविवारी कपाटातली यांची जुनी काडतुसं उडवली. घरी येऊन नळीतून तेलाची चिंधी फिरवली, सगळी पुसून ठेवली. काल बघते तर नळी आतून गंजून लाल! मी फरशीवरच बसले. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, धड रडताही आलं नव्हतं. ते काल रडून घेतलं. यांनी डोळ्यांत तेल घालून जपलेली वस्तू, मी नळीत तेल घालूनही घालवली.

लगेच लिहा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

९ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि रायफल! आधी हसलो, मग चष्मा पुसावा लागला.

चूक तुमची नाही. फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगतो. त्या जुन्या काडतुसांच्या बुडाच्या टोपीतला, ठिणगी देणारा मसाला जळला की नळीत एक प्रकारचं मीठ उरतं. ते हवेतली ओल ओढतं आणि लोखंड खातं. तेलाने मीठ विरघळत नाही, नुसतं झाकलं जातं. त्याला पाणीच लागतं.

आधी रायफल रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मागचा सरकता बोल्ट काढा. नळीचं तोंड बादलीत धरून मागच्या बाजूने नरसाळ्यातून कढत पाणी ओता. बोल्टही धुवा. मग कोरड्या चिंध्या फिरवा, पार कोरडी निघेपर्यंत, आणि शेवटी तेल. आताचा गंज तेल आणि पितळी ब्रशने निघेल. खड्डे राहिले तर राहू देत, वयाने कोणाला पडत नाहीत? पुढे मात्र उडवाल त्याच दिवशी धुवा.

दादा दर रविवारी हेच करायचा. तुम्हाला त्या वासाने मळमळतं म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा, आणि नंतर सिंक घासून ठेवायचा.

मी लिहिलं नाही, कारण पाकिटावर कायम दादाचं नाव घालायचो. तुमचं एकटीचं घालायला हात धजेना.

कृपा आहेच, ती राहावी.

तुमचा धाकटा दीर

१७ मार्च

चि. भावजींस,
अ. उ. आ.

पत्र ओट्यावर उभं करून सगळं केलं. पाणी काळंकुट्ट निघालं. गंज गेला, खड्डे राहिले. रविवारी मारून पाहिली. नेम म्हणजे आनंदीआनंद, पण गोळी कागदाला लागते.

त्या बंद दाराचं मात्र तुम्ही सहज लिहून गेलात. मला वाटायचं, आठवड्यातून तासभर यांना माझ्यापासून सुटका हवी असते. मी बाहेर रुसून टीव्ही मोठा करायचे. कधी टकटक केली नाही. संसार सरला, भावजी, पण एकदा विचारलं नाही. विचारलं असतं तर नरसाळं धरून शेजारी उभी राहिले असते.

आता एका हातात रायफल, दुसऱ्यात किटली. मनगट भाजलं. तुम्ही चार दिवस या ना. नुसते खुर्चीत बसून चुका काढा.

वाट बघते.

वहिनी

२२ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मनगटाला मलम लावा, अंगावर काढू नका.

यायची फार इच्छा आहे, पण गुडघ्यांनी जिना बंद केलाय. दूधसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर ओढतो. मुलगा लांब, फोन करतो, घाईत असतो. हे दादालाही कळवलं नव्हतं.

तेव्हा तुम्हीच या. आतली खोली रिकामी आहे, चादर नवी घातलीय. फक्त एक सांगतो. बेल वाजवल्यावर मला दारापर्यंत यायला फार वेळ लागतो. आत कोणी नाही असं समजून माणसं परत जातात.

तुम्ही थांबा.

तुमचा धाकटा दीर