रघूच्या ताटावर माशी नाही

मंगळवार, दिवेलागणीला

सोनू, आधी वार टाक. काल विसरलीस, मला अडाणीलाही कळलं. आता सांगते तसं लिही.

आज जेवताना सगळ्यांच्या ताटांवर माश्या होत्या. तुझ्या बापाच्या, रघूच्या ताटावर एक नाही. द्राक्षांवर औषध मारून आला, अंघोळ केली, तरी नाही. मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा माश्यांना अक्कल." तो हसला, तेव्हा डोळे दिसले. अंधारलं होतं, तरी डोळ्यातला काळा ठिपका मोहरीएवढा. मांजराचासुद्धा अंधारात मोठा होतो ना?

परवा फवारणीवाल्यांचं रक्त तपासलं. रक्तात औषधाची बाधा दिसली की फवारणीचं काम बंद. म्हणून यानं आपल्या नावावर धाकट्या भावाचं, किसनचं रक्त दिलं. "आये, पास झालो!" म्हणतो. पास झाला किराणा विकणारा किसन!

शेवटी एक माशी आलीच. रघूच्या मनगटावर बसली नि तिथंच उलटी पडली. त्यानं ती झटकली, पुढचा घास घेतला. मी माझं ताट बाजूला सारलं.

उद्या पहिल्या गाडीनं त्याला सिन्नरच्या दवाखान्यात नेते. सुई टोचेपर्यंत हात मीच धरणार. ठेवून घेतलं तर मऊ भात नि मुगाचं वरण पाठव. बागेच्या बांधावरची मेथी त्यात घालू नकोस.