मागच्या खोलीतल्या बाई

१ डिसेंबर २०२४, रविवार. चिखली

आले एकदाची! खामगावहून टेम्पोत एक गादी, गॅस, चार भांडी, नवी कोरी शिडी आणि ड्रायव्हरशेजारी मी. कुलूप उघडायचा मान जीवनने मला दिला. दार फुगलेलं, हलेना. मग त्याने खांदा मारला आणि आम्ही दोघं हसत हसतच घरात पडलो. जूनमध्ये शाळेने मला कमी केलं, त्यानंतर एवढं मनापासून हसले नव्हते.

बेत सरळ आहे. जुनं घर स्वस्तात घ्यायचं, दोन महिन्यांत नीटनेटकं करायचं, विकायचं आणि दुसरं घ्यायचं. मोबाइलवर शंभर तरी व्हिडिओ पाहिलेत. हे घर उकंडरावांचं. ते आता अकोल्याला मुलाकडे असतात, त्यांना यातून लवकर मोकळं व्हायचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. मागे अंगण, अंगणात पत्र्याची एक खोली. जीवन खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये अकाउंटंट, तो रविवारी येत जाईल. मी इथेच राहून काम करून घेणार.

पत्र्याच्या खोलीत एक भाडेकरू आहेत, मनकर्णाबाई. एकट्याच. पापड-शेवया करून देतात. सव्वीस वर्षं झाली म्हणे त्यांना इथे. संध्याकाळी चहा त्यांनीच आणून दिला. मी म्हटलं, मावशी, निवांत राहा, तुम्हाला कोणी हलवणार नाही.

५ डिसेंबर

नागसेन मिस्त्री मिळाले हे नशीब. बोटाने ठोकून कुठलं प्लास्टर पोकळ आहे ते सांगतात. मी मात्र आज शहाणपणा केला. भिंत आठ दिवस वाळू द्या म्हणत होते, मी ऐकलं नाही, पुट्टी मारायला लावली. दुपारपर्यंत भिंतीला गोवर आल्यासारखे फोड. सगळं खरवडून पुन्हा. त्यांनीच खरवडायला सुरुवात केली.

ओट्याचा कडप्पा काढला, ग्रॅनाइट बसवायचा आहे. फरशीसाठी बदामी आणि राखाडी यांत अडकले आहे. मनकर्णाबाई दिवसातून दोनदा चहा आणतात. मी फरशीचे नमुने बघत हात पुढे करते, कप हातात येतो.

१२ डिसेंबर

काम अर्धं झालं नाही तोच एक गिऱ्हाईक बघून गेलं. घर आवडलं, पण भाडेकरू आहे म्हटल्यावर पुढे बोलेचना. फोनवर जीवन म्हणाला, कोणीही नाहीच घेणार. जा म्हणायची लाज वाटत असेल तर दुरुस्ती काढ, आपोआप जातील.

मिस्त्रींना सांगितलं, मागचे पत्रे गळतात, काढून घ्या, नवे टाकू. ते म्हणाले, पावसाळा नाही, गळतील कशाने? आणि बाई झोपणार कुठे? मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दुपारी पत्रे उतरले.

२१ डिसेंबर

दोन दिवसांचे नऊ झाले. या आठवड्यात थंडी अशी की सकाळी नळाला हात लावता येत नाही. बाईंनी वर मेणकापड बांधलं होतं. परवा दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, पत्रे कवा टाकशीन? अंगावर दव पडून राह्यलं." मी म्हटलं, दुकानदार माल देत नाही. माल दुकानात तयार होता.

आज त्या गेल्या. साखरखेर्ड्याला भाची आहे, तानुबाई, तिच्याकडे. एक पेटी, एक पाटा. मी रंगाचं कार्ड बघत होते. "येते बाई," म्हणाल्या. मी मान हलवली. फाटकाची कडी वाजली.

जीवनला कळवलं, स्वतःहून गेल्या.

३० डिसेंबर

मिस्त्रींनी सांगितलं, मनकर्णाबाई वारल्या. छातीत कफ झाला होता. ते साखरखेर्ड्याला जाऊन माती देऊन आले. सांगताना गिलाव्याची थापी पुसत होते, माझ्याकडे बघितलं नाही.

नवे पत्रे आज आले. निळे. छान दिसतात.

जीवनला सांगितलं नाही. कशाला?

११ जानेवारी २०२५

घर तयार. माझं मलाच खरं वाटत नाही. बदामी फरशी, काळा ग्रॅनाइट, पुढे पांढरं ग्रिल.

एक ग्रामसेवक बघून गेले. सगळं फिरून आले आणि विचारलं, मागच्या खोलीतल्या बाई कधी खाली करणार? मी म्हटलं, मागे कोणी नाही. ते हसले. बाई मला पाणी विचारत होत्या, म्हणाले. आणि गेले.

मी मागे जाऊन पाहिलं. रंगाचा वास, रिकामी खोली. शेजारीण आली असेल.

१५ जानेवारी

आज एक बँकेतल्या बाई, सोबत त्यांची आई. आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या आणि आत बघून म्हणाल्या, बसा, बसा, तुम्ही कशाला उठता?

आत कोणी नव्हतं. ओटा होता. नवा नळ होता.

मी विचारलं, कोणाशी बोलता? दोघींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वाईट बोलले.

१९ जानेवारी, रविवार

जीवन आला. जेवताना म्हणाला, बरं केलंस, मावशींना परत आणलंस. मला वाईट वाटत होतं. खोकला फार आहे त्यांना, डॉक्टरला दाखव.

घास हातातच राहिला. विचारलं, कशा दिसतात त्या? तो म्हणाला, असं काय विचारतेस? हनुवटीवर गोंदलेलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, कानाची पाळी फाटलेली.

हे बरोबर की चूक, मला सांगता येईना. तीन आठवडे ती बाई रोज दोनदा माझ्यासमोर उभी राहिली. मला तिचा चेहरा माहीत नाही. नुसता कप आठवतो. निळ्या काठाचा.

मग सगळं सांगून टाकलं. पत्रे, थंडी, साखरखेर्डा. जीवन उठून मागे गेला, परत आला, आणि मी त्याला असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "जित्या माणसाले मेली म्हनतं? घर विकायसाठी?" चिडला की तो गावाकडचं बोलतो. मुक्काम न करता चारच्या गाडीने परत गेला.

२२ जानेवारी

मिस्त्री ग्रिलला शेवटचा हात मारायला आले. ते माती देऊन आलेले. ते तरी माझ्या बाजूने बोलतील.

फाटकातून आत आले आणि थांबले. माझ्या खांद्याच्या मागे बघत हात जोडले. डबा, ब्रश गोळा केले. म्हणाले, "बाई उभ्याच हायेत, ताई. बसाले पाट तरी द्या."

मजुरी न घेता गेले.

मी पाट मांडला. समोर बसले. म्हटलं, मावशी, चुकलं माझं. पाटावर ऊन होतं. बाकी काही नाही. सगळ्यांना दिसता, मला का नाही?

२६ जानेवारी

हरिओम आणि डिंपल. त्यांचं कापडाचं दुकान आहे. नवरा फरशी ठोकून बघत होता. डिंपल मागच्या खोलीत गेली ती अर्धा तास. मी दारातून बघत होते. रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून मांडी घालून बसली होती, मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

बाहेर येऊन म्हणाली, घर घेतलं. आणि मावशी राहतील. भाडं नको. म्हातारं माणूस घरात बरं असतं.

मी म्हटलं — हो. राहू द्या. पापड छान करतात.

असंच म्हटलं मी.

३ फेब्रुवारी. खामगाव

खरेदीखत झालं. किल्ल्या दिल्या. आमचं पहिलं घर विकलं गेलं, चांगलं विकलं गेलं. जीवन आला, सही केली. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

ती तिथे राहिली. मी इथे. संपलं.

७ फेब्रुवारी

डिंपलचा फोन. मावशींना पुढच्या खोलीत घेतलं, खोकला कमी आहे. साखरखेर्ड्याच्या भाचीची आठवण काढतात, निरोप देता का?

मला तो चेहरा बघायचा आहे. एकदा. भाचीकडे फोटो असेल.

८ फेब्रुवारी

तानुबाईंचं घर सापडलं. वांग्याच्या वाफ्यातून हात पुसत आल्या. चांगली बाई. मी घरमालकीण म्हटलं तरी आत बोलावलं, फोटोखाली बसवलं, स्वतः खाटेवर टेकल्या.

चौकट. हार. काच. आत कोरा कागद.

मी म्हटलं, यात फोटो नाही. त्या म्हणाल्या, "काऊन असं म्हनता बाई? मावशीच हाय ना. मीच काढेल हाय लग्नात."

हात लावून पाहिला. कोरा. तानुबाई रडायला लागल्या. त्यांना काहीतरी म्हणावं म्हणून वळले —

खाट रिकामी. रडणं खाटेवरून येत होतं.

पळत फाट्यावर आले. जीप उभी. आत कोणी नाही. बसले तर कानाशी आवाज, सरका ना बाई. मांडीला मांडी लागली. तंबाखूचा वास. स्टिअरिंग फिरत होतं. रस्ताभर लोक बोलत होते, भाव, लग्न, मोटारपंप — आणि जीपमध्ये मी एकटी.

९ फेब्रुवारी

सकाळ. खिडकीतून गल्ली दिसते. सायकल जाते, वर कोणी नाही. दूधवाला ओरडतो, दूधवाला नाही. माझ्या शाळेतल्या पोरी ओळखलं का म्हणून हाका मारतात —

आरशात मी दिसते. मीच फक्त.

जीवन उठलाय. स्वयंपाकघरात आवाज. विचारतोय, बरं नाही का? आज आवाज मऊ आहे. किती दिवसांनी. पलंगाचा काठ दबला. माझा हात धरलाय. ऊब लागते. म्हणतोय, प्रेरणा, माझ्याकडे बघ.

बघतेय. भिंत. कॅलेंडर.

बघ ना, म्हणतोय.

अकरा वर्षं झाली लग्नाला. डोळे मिटून आठवून बघते. भुवया. नाक. डोळे काळे की घारे — काळेच असतील — नाही, आईसारखे — त्याच्या आईचे डोळे तरी —

हात सोडू नकोस. हात सोडला तर मला कळणार कसं तू