मिस्टर थ्रेल आणि गुलाबांचा वाफा

लिटल मार्शम, नोव्हेंबर १९३४

प्रिय मॉड,

तू गेल्यापासून गावाला मिस्टर थ्रेल यांचं वेड लागलंय. तू कादंबऱ्यांना हात लावत नाहीस म्हणून सांगते. ते लंगडे, सतत पेपरमिंट चघळणारे गुप्तहेर आहेत. पुस्तकाबाहेर कुठेच नाहीत, पण आपल्याकडे पाद्रीबाबांपेक्षा त्यांच्याच शब्दाला वजन. नव्या पुस्तकात एकजण बायकोला मारून बागेत पुरतो आणि ती बहिणीकडे गेलीय म्हणून सांगतो. थ्रेल त्याला पकडतात ते ताज्या लावलेल्या गुलाबांवरून.

आणि तुझ्या कथबर्टने काय करावं? "मॉड बहिणीकडे गेलीय" असंच सांगितलं. तुला बहीण नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक! बायको सोडून गेली म्हणायची लाज वाटली असेल, दुसरं काय. वर लगेच गुलाबांसाठी वाफा खणला. पोस्टातल्या पिनॉकबाई माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "काय गं हेस्टर, गुलाबांना एवढा खोल खड्डा लागतो होय?" मी म्हटलं, "बाई, पुस्तकं जरा कमी वाचा." सार्जंट ग्रब हसला खरा, पण त्याच्याही खिशातून तेच पुस्तक डोकावत होतं. आता पबमध्ये कथबर्टशेजारी कुणी बसत नाही. परवा कुणीतरी त्याच्या दाराला पेपरमिंटची पुडी टांगून ठेवली.

मला मात्र तुझा पत्ता ठाऊक, म्हणून मी मनात हसत होते. रविवारी त्याच्यासाठी सफरचंदाचा केक घेऊन गेले. त्याने हातही लावला नाही. एवढंच म्हणाला, "हेस्टर, तुम्हीसुद्धा बागेकडेच बघताय." खरंच बघत होते गं.

कारण त्याच्या फायरप्लेसवर तुझा चष्मा होता. तू निघालीस त्या सकाळी गल्लीच्या टोकावरून "चष्मा राहिला, आलेच" म्हणत घरात परत गेलीस. मला दुकान उघडायचं होतं, मी थांबले नाही. तुला बसमध्ये चढताना मी पाहिलंच नाही. पोचल्यावर कार्ड टाकणार होतीस, तेही आलं नाही. मी वचन पाळलंय, तू कुठे निघाली होतीस ते कुणाजवळ बोलले नाही. पण गुरुवारी ग्रब फावडी घेऊन जाणार आहे. त्याआधी दोन ओळी पाठव, मॉड. चष्म्याशिवाय अक्षर वाकडं आलं तरी चालेल. फक्त तुझं असू दे.

तुझीच,
हेस्टर