आईच्या सामानाची वाटणी

जामनेर,
रविवार, ९ जुलै १९८९

तीर्थरूप अक्कास,

प्रमिलाचा नमस्कार आणि नानांचा आशीर्वाद. मी लिहायला बसले तेव्हा त्यांनी डावा हात जरा वर केला, तो तुझ्यासाठीच असं मी धरून चालते. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. छायाला बारावीत इतके चांगले मार्क पडले हे कळल्यावर शेजारच्या सुमनबाईंनी आपण होऊन गल्लीत साखर वाटली.

हे पत्र आणणाऱ्या यशोदाबाई सुमनबाईंच्या नणंद. त्या लेकीकडे धुळ्याला निघाल्या आहेत, म्हणून तू मागितलेलं सामान त्यांच्याबरोबर देते. आईचं मांड्यांचं खापर गोधडीत गुंडाळलंय आणि वरून सुतळी बांधली आहे. सुतळी कापू नकोस, गाठ सोड, नाहीतर गोधडी फाटेल. खापर एकदम मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, हे तुला ठाऊक आहेच, पण छायाला सांग. आईचं हिरवं लुगडंही दिलंय. पदराजवळ ठिगळ दिसेल, ते तिने स्वतः लावलेलं आहे, उसवू नकोस. बटणांचा डबा खरं तर शिलाई मशीनबरोबरच जायचा होता. वर्षश्राद्धाच्या गडबडीत मागे राहिला, तोही आता दिलाय.

लीलादादाचं नाशिकहून पत्र होतं. तांब्याचं गंगाळ आणि हंडा त्यांच्या फ्लॅटमध्ये शोभून दिसतात म्हणे. गंगाळात वहिनींनी प्लास्टिकची फुलं ठेवली आहेत. आई त्यात आपल्याला अंघोळ घालायची, असं मी उत्तरात लिहिलं आणि मग खोडलं.

मी माझ्यासाठी काय ठेवलं, असं तू विचारलंस. ठेवलंय काहीतरी. एवढं घर आहे.

नानांचं बरं चाललंय. सकाळी तासभर उशीला टेकून बसतात. जेवण मऊ लागतं, खिचडीला कंटाळले की ताकात कुस्करलेली भाकरी खातात. लुळ्या पडलेल्या उजव्या हातापायात काही फरक नाही. डॉक्टर म्हणतात, आता आहे एवढंच टिकलं तरी खूप. हल्ली मी चपला घातल्या की विचारतात, "कुठी?" शाळेत म्हटलं की डोळे मिटतात आणि मी येईपर्यंत तसेच पडून असतात, असं सुमनबाई सांगतात. दुपारचं त्यांच्याकडे त्याच बघतात. त्यांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही.

शाळेतल्या वाचनालयाच्या एका कपाटाला वाळवी लागली. दोन दिवस पुस्तकं उन्हात मांडत होते. अर्धवेळ नोकरीत पूर्णवेळ काम, हे तुला नवीन नाही.

आणि हो, धुळ्याच्या कॉलेजातल्या त्या जागेचं विचारलंस. त्याचं काही जमलं नाही. त्यांना दुसरं कोणी मिळालं असेल. छायाने माझ्यासाठी सोमवार धरले होते ना, तिला सोडायला सांग. कॉलेजला जाणाऱ्या मुलीने उपाशी राहू नये.

इकडची काळजी करू नकोस. यशोदाबाईंना चहा दिल्याशिवाय सोडू नकोस, त्या लाजतात.

तुझी
प्रमिला

*

जामनेर,
रविवार, ६ ऑगस्ट १९८९

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार. खापर धडधाकट पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. छायाने पहिल्याच खेपेला मांडा हातावर फिरवला म्हणतेस, आईला किती बरं वाटलं असतं. शेवटी तू लिहिलंस, "जागेचं जमलं नाही ते एका परीने बरंच झालं, नानांकडे कोणी बघितलं असतं." तू वाईट मनाने लिहिलं नाहीस, हे मला कळतं. तरी ते वाक्य चार दिवस डोक्यातून गेलं नाही. आज शाळा नाही, नानांचा डोळा लागलाय, म्हणून सगळं लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायचं होणार नाही.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ती जागा मला मिळाली होती.

जूनमध्ये मुलाखतीला आले तेव्हा तुझ्याकडे राहिले होते. पंधरा दिवसांत कळवतो म्हणाले होते. महिना संपला तरी काही येईना. माझं वय तुला माहीत आहे. पुढच्या फेब्रुवारीनंतर मला अर्जच करता येणार नाही. शेवटी तीन जुलैला, सोमवारी, शाळेत रजा टाकली, नानांना जळगावला औषधं आणायला जाते असं सांगितलं आणि पहिल्या गाडीने निघाले. म्हणजे अक्का, मी त्या दिवशी धुळ्यात होते आणि तुझ्या घरी आले नाही.

कॉलेजच्या ऑफिसातले कारकून भले होते. त्यांनी फाईल काढली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला तर रजिस्टर पत्र गेलं. एकोणीस जूनला पोचलंय. तीस तारखेपर्यंत हजर व्हायचं होतं." मी म्हटलं, मला मिळालं नाही. त्यांनी पोचपावती माझ्यासमोर ठेवली.

सहीच्या जागी नानांचं नाव "चुडामण" लिहिलेलं होतं. डाव्या हाताचं, "ड" उताणा पडल्यासारखा. ती सही मी ओळखणार नाही तर कोण? पेन्शनसाठी सही लागते म्हणून मागच्या पावसाळ्यात मीच त्यांच्या मांडीवर पाटी ठेवून डाव्या हाताने लिहायला शिकवलं होतं. तीस वर्षं पोरांना अक्षर शिकवलेला माणूस, रोज पाच ओळी गिरवायचा आणि मला दाखवायचा.

कारकून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, पोचलं होतं. घरी अडचण होती." दुसरं काय सांगणार होते? माझ्या बापाने लपवलं असं?

माझ्या जागी यादीतली दुसरी बाई एक तारखेला हजर झाली होती. साक्रीकडची आहे. निघताना वाचनालयाच्या दारातून दिसली. पुस्तकांच्या पाठीला नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. एक चिठ्ठी तिरकी बसली तर तिने ती हळूच काढून पुन्हा लावली. मला तिचा राग आला नाही. पण पाय निघेना, तेव्हा शिपायाने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं कोणी नाही.

तिथून देवपूरला तुझ्याकडे यायला दहा मिनिटं लागली असती. तुझ्यासमोर रडू आलं असतं आणि सगळं सांगावं लागलं असतं. सरळ स्टँडवर गेले.

घरी आल्यावर नानांची चादर बदलली. पाकीट गादीखाली त्यांच्या डाव्या कडेला होतं. फोडलेलं, आतला कागद नीट घडी घालून परत ठेवलेला. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. मी पाकीट हातात घेतलं तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. मी ते होतं तिथे ठेवलं, वर चादर घातली आणि भात लावायला गेले.

त्यानंतर तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवू घातलं, अंग पुसलं, औषध दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. गुरुवारी दुपारी शाळेतून आले तेव्हा सुमनबाई त्यांच्या घरी गेल्या होत्या. नाना हाका मारत होते. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. मला ऐकू येत होतं, अक्का. "पमे, पमे" असं दोनदा, मग नुसतंच "ए". मी उठले नाही. हाका थांबल्या तरी उठले नाही. चार वाजले तेव्हा गेले. अंथरूण ओलं झालेलं, ते तसेच त्यात पडलेले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "उशीर झाला व तुले."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण मी इथे सेवा करते, पुण्य जोडते, असं तू आणि लीलादादा चारचौघांत बोलता. त्या दुपारी मी काय केलं तेही तुम्हाला माहीत असू दे.

त्यांना कोरडं केलं, धोतर बदललं आणि मग तिथेच कॉटच्या कडेला बसून विचारलं, "नाना, पत्र का लपवलं?"

 एकेक शब्द पुढे ढकलत ते म्हणाले, "तू गेली असती त मी कुठी गेलो असतो?"

मी म्हटलं, "अक्का आहे. लीलादादा आहे."

"कोण म्हणलं तसं?"

 मी खूप आठवून पाहिलं. लीलादादाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढायला अवघड, हे तो आईच्या दहाव्यालाच म्हणाला होता. तू काहीच म्हणाली नव्हतीस.

नाना म्हणाले, "वर्षश्राद्धाले भांडे वाटले, लुगडे वाटले, मशीन गेली. लीलाधर म्हणाला, चला, सगळं वाटून झालं. मी मधल्या खोलीतच होतो, पमे. दार उघडं होतं. कोणी माह्यं नावच नाही घेतलं."

अक्का, ते पत्र त्यांनी माझ्यावरच्या मायेपोटी लपवलं असतं तर मला ते सोसलं असतं. आपल्याला कोणी नेणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून लपवलं. आणि मी त्यांना खोटं ठरवू शकले नाही.

तू विचारलं होतंस ना, मी माझ्यासाठी काय ठेवलं? काही नाही ठेवलं. त्या दिवशी तुम्ही सगळे बांधाबांध करत होता तेव्हा मी चहा गाळत होते. मी या घरातच आहे, मला वेगळं काय घ्यायचं, असं वाटलं. नाना माझ्याकडे राहणार हे कोणी मला विचारलंही नाही, मी कोणाला म्हटलंही नाही. तेव्हा चूक माझीही आहे. मला अडकवून ठेवायचं असं तुमच्यापैकी कोणाच्या मनात नव्हतं, हे मी स्वतःला रोज समजावते. पण सकाळी दाराला कडी घालून शाळेत निघताना ती कडी आतून पण लागली आहे असं वाटतं.

आता पुढचं. त्या कारकुनांनी माझा पत्ता ठेवून घेतला होता. गेल्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. वाचनालयातल्या दुसऱ्या सहायक बाई एक सप्टेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार, त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी माणूस हवं आहे. पुढे काय होईल याची ते खात्री देत नाहीत. मी हो कळवलं. इथल्या मुख्याध्यापकांकडे बिनपगारी रजा मागितली, तर ते म्हणाले परत येईपर्यंत तुमची जागा राहील असं धरू नका. तरी मी अर्ज मागे घेतला नाही. कोणाला न विचारता केलेली माझी ही पहिलीच गोष्ट.

नानांना ते कार्ड मी वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात मागून घेतलं आणि पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, "तुह्यं तू पाह्य. मले कुठी ठेवशीन?"

ते मी आता तुला विचारते. देवपुरात तुझ्या घरापासून चालत पोचता येईल अशी एक खोली ठरवली आहे, तळमजल्याची. निवृत्त नर्सबाईंची आहे, मुलाखतीच्या वेळी ओळख झाली होती. मी आणि नाना तिथे राहू. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढा वेळ ते तुझ्याकडे राहतील. आंघोळ, नाश्ता मी उरकून आणीन, रात्रीचं सगळं मी बघीन. दुपारी एकदा जेवू घालायचं, दोनदा कूस बदलायची आणि हाक मारली तर जायचं. तीन महिने. डिसेंबरपासून लीलादादाने काय करायचं ते त्याला नंतर वेगळं लिहीन.

लेकीच्या घरी बाप राहत नाही, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. नानांनाही तोच संकोच आहे. पण अक्का, मीही लेकच आहे. मला सासर नाही म्हणून या घराला कोणी लेकीचं घर म्हणत नाही, एवढाच फरक.

तुझं मन मोठं आहे हे मी विसरलेले नाही. नाना नको म्हणत असताना मला ग्रंथालयाच्या कोर्सला तूच धाडलंस. मी फॉर्म भरला नव्हता तर तू हाताला धरून भरायला लावलास. म्हणून तर हे तुला लिहिते आहे, आधी नाशिकला न लिहिता.

सुमनबाईंच्या दिराची जीप सांगून ठेवली आहे. सत्तावीस ऑगस्टला, रविवारी सकाळी आम्ही निघू. तुझं होकाराचं पत्र आलं नाही तरी निघू.

आणि नाही म्हणायचं असेल तर मला लिहू नकोस. नानांच्या नावाने लिही. त्यांना अजून वाचता येतं.

तुझी धाकटी बहीण,
प्रमिला