दगडातल्या मेंढ्या

आये, तुज्या पाया पडती.

शेजारच्या धुळाकडनं वाचून घे. आमी समदी बरी हाय. दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी मला आन् साऊला सोलापुरातलं म्युझियम दावलं. तिकीट न्हाय की, फुकट! तुज्या जात्यासारखंच जातं काचंच्या पेटीत ठिवलंय, दळायला मातर कुणी न्हाय.

एका दगडावर घोंगडीवाला धनगर आन् मेंढ्या कोरल्यात. मला आपला बिरोबाच वाटला. मी पिशवीतला भंडारा लावला, तर राखणदार वरडला, "अवो ताई, त्यो देव न्हाय, हात लावू नगा!"

"मग एवढा उजेड कशाला सोडलाय त्याच्यावर?" म्हणलं. त्योबी हसला.

साऊला म्हणलं, मेंढ्या मोज. तर म्हणती, "कुटं हायत?" हातभर लांबनं दिसंनात गं तिला. दगडाला नाक टेकवलं तवा वरडली, "आई, हिला कान हायत!" मी तिला जवळ वढलं. राखणदार म्हणला, "चष्मा लावला की दिसतंय, माज्या पोरीलाबी हाय."

सोमवारी दवाखान्यात नेतोय. तू घाबरू नगं, मीबी घाबरत न्हाय. डाक्टर घरातल्यांच्या डोळ्याचं इचारत्यात म्हणं. तुला सुईत दोरा ववता येतो का अजून? खरं कळव.

तुजी लेक,
पूनम