किनारा सोडू नये

तोंडवली, ता. मालवण
३ डिसेंबर २००९

तीर्थरूप नानांच्या पायांवर धाकट्या गंगारामाचा नमस्कार. (वाकून केला आहे. डाव्या गुडघ्यामुळे जेवढा कमी पडला, तेवढा मोठ्या मनाने पुरा मानून घ्यावा.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? वहिनींचा खांदा आता वर जातो का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी खुशाल नाही. मला भीती वाटते. तुम्ही म्हणाल, गंगारामाला भीती वाटते यात नवीन ते काय; दर्यावर जगणाऱ्या घरात जन्मून हा गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेला नाही, मास्तरकी पत्करली आणि पेन्शनीत आला. कबूल. पण ती भीती माझी मला पुरत होती. आताची भीती सगळ्या वाडीला पुरून उरेल एवढी आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन माजघरात, आणि माजघरात सदैव कोणीतरी कांदा चिरत असतं. म्हणून पत्र.

याचं मूळ तुमच्या संजनाकडे जातं. (तिला रागावू नका, पोरगी गुणी आहे.) आमच्या वाचनालयाबाहेर, किनाऱ्याच्या वाटेवर, फळा आहे तो तुम्हांला ठाऊकच आहे. अठरा वर्षं मी त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहीत आलो. माणसाजवळचे सुविचार किती? माझे सहाव्या वर्षीच संपले. मग कॅलेंडरमागचे, मग शाळेच्या भिंतींवरचे, मग तेच पुन्हा. श्रावणात बाबली तांडेल (हा वाडीतल्या सगळ्यांत मोठ्या होडीचा मालक, शब्दाला जड माणूस) फळ्यासमोर थांबून म्हणाला, "मास्तरानू, ह्यो गेल्या वर्साचो." माझी मान खाली. चतुर्थीला तुम्ही सगळे आलात तेव्हा हे दुखणं मी संजनाजवळ काढलं. तिने मला मालवणला नेलं, कॉम्प्युटरच्या दुकानात बसवलं आणि ऑर्कुटवर माझं नाव घातलं. म्हणाली, काका, इथे जगभरची माणसं आपलं आवडतं वाचन एकमेकांना देतात, तुमच्या फळ्याला मरण नाही.

तेव्हापासून मी दर शनिवारी एसटीने मालवणला जाऊ लागलो. पहिले तीन शनिवार निव्वळ भीतीत गेले. ते यंत्र मधेच विचारतं, तुमची खात्री आहे का? नाना, मला आयुष्यात कशाचीच खात्री नव्हती, तेव्हा मी 'नाही' दाबून घरी यायचो. चौथ्या शनिवारी एक निरोप आला, की हा मजकूर अकरा जणांना पाठवा, न पाठवणाऱ्याच्या घरी सात दिवसांत वाईट बातमी येईल. माझे मित्र तिथे तीन: संजना, तिची मैत्रीण दिव्या आणि नागपूरचे एक गृहस्थ, जे चुकून झाले होते. मी दिव्याला एकदा, गृहस्थांना एकदा आणि संजनाला नऊदा पाठवला. (तिने त्यावर काही कळवलं नाही. विचारूही नका.)

पण खोटं बोलणार नाही, गुलाबाची चित्रं आणि शुभ सकाळी बाजूला सारल्या की खाली खरं वाचनही होतं. 'रोज एक पान' नावाचा एक गट सापडला, संजनाही त्यातलीच. त्यात किरण म्हणून कोणी आहे. फोटोच्या जागी जास्वंद आहे, त्यामुळे बाई की बुवा हे मला अजून समजलेलं नाही. मी 'आदरणीय किरण' एवढ्यावर भागवतो. ही व्यक्ती रोज आपल्या वाचनातलं काहीतरी लिहून देते आणि ते आपल्याला का लागलं, हेही सांगते. एकदा साठाव्या वर्षी अक्षरं शिकलेल्या बाईची हकिगत होती. तिने जन्मात पहिल्यांदा वाचलं काय, तर एसटीची पाटी, आणि ती चुकीच्या गाडीत बसली नाही. मी तिथेच डोळे पुसले. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्या पानांचे छापील कागद आणून मी वाचनालयाच्या टेबलावर ठेवू लागलो. जिथे मी आणि मांजर एवढीच हजेरी असायची, तिथे संध्याकाळी अकरा-अकरा माणसं बसू लागली. बाबली चष्मा करून घेऊन आला. नाना, इतक्या वर्षांत मला तसं सुख झालं नव्हतं.

आता मूळ दुखण्यावर येतो. गेल्या महिन्यात एका बुधवारी किरणकडची एक ओळ मी फळ्यावर लिहिली. त्याच दिवशी, योगायोगाने, आपला जितेंद्र पहिल्यांदाच बाबलीच्या होडीवर खोल पाण्यात जायचा होता. (पोरगा आयटीआय करून दोन वर्षं घरी आहे. दर्यावर जाणार हे त्याने मला न विचारताच ठरवलं. मला कळलं तेव्हा मी जेवत होतो, त्यानंतर जेवलो नाही.) आभाळ स्वच्छ, वारा मंद. माणसं जाळी घेऊन फळ्यापर्यंत आली आणि थबकली. फळ्यावर तीनच शब्द होते: किनारा सोडू नये. बाबलीने दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आपल्याकडे देवाने कौल दिला नाही तर माणूस लग्न मोडतो, मग होडीचं काय? सगळे माघारी फिरले. मी खिडकीतून बघत होतो. दुपारी दोनला वारा उलटला, आणि मग जे वादळ आलं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पलीकडच्या बंदरातल्या ज्या होड्या बाहेर होत्या, त्यांतली माणसं तिसऱ्या दिवशी कुठल्या कुठे किनाऱ्याला लागली. जीव वाचले, होड्या गेल्या. आमच्या वाडीचा मात्र दोरसुद्धा तुटला नाही.

तेव्हापासून माझे हाल बघवणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी बाबली नारळ घेऊन आला, फळ्यासमोर उभा राहिला आणि त्याने चक्क गाऱ्हाणं घातलं: "बा फळ्या म्हाराजा, काल ह्या लेकरांक जशी वाट दाखयलंस, तशीच रोज दाखय, तेंची राखण कर रे म्हाराजा." मागची वीस माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा." मी आत कपाटामागे होतो. बाहेर येऊन सांगितलं, बाबांनो, हा लाकडाचा फळा आहे, काळा रंग मीच देतो. बाबली शांतपणे म्हणाला, "देव पण लाकडाचोच आसता, मास्तरानू." आता फळ्याला रोज हळदकुंकू. खडू मी सोवळ्यात धरावा अशीही एक सूचना आली आहे.

आणि फळ्याने 'जा' म्हटल्याशिवाय एकही होडी पाण्यात जात नाही. तीन आठवडे झाले, नाना. मी आपला सांभाळून, कोणाला लागणार नाही असं लिहू लागलो. 'पाणी उकळून प्यावे' लिहिलं, तर म्हणाले, दर्या उकळणार आहे, आज नको. 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिलं. हौसाबाई मासे विकते, तिचा मुलगा बाबलीच्याच होडीवर असतो. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. ती पांढरी पडली आणि म्हणाली, "शेवटाक परमेश्वर भेटता म्हणजे काय ओ मास्तरानू? माझो एकच झील आसा." मी ते तिच्यादेखतच पुसलं. एक दिवस फळा कोराच ठेवला, तर म्हणाले, देव बोलेनासा झाला, आणि त्या दिवशी सर्वांत जास्त घाबरले. होड्या वाळूत, जाळी घरात, हौसाबाईची टोपली पालथी, आणि वाडीतली माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. रस्त्यात मी नुसता खोकलो तरी त्याचा अर्थ लावतात.

मी किरणला कळवावं म्हणून दोनदा मालवणपर्यंत गेलो. दोन्ही वेळा दुकानाच्या पायरीवरून परत आलो. काय लिहू? की आदरणीय किरण, आपण आवडीने दिलेल्या ओळीवर आमच्याकडे माणसं जगतात-मरतात, तेव्हा पुढची ओळ जरा जपून द्यावी? चांगलं वाचन शोधायला गेलो तो माणसाला शहाणं करावं म्हणून. हे झालं भलतंच. तुमची भावजय मथुरा म्हणते, लिहा 'जा' आणि मोकळे व्हा. तिला बोलायला काय जातं? मी 'जा' लिहिलं आणि वारा फिरला तर? त्या होडीत वाडीची सोळा माणसं असतील, आणि एक आपला असेल. मग मी कोणाच्या दारात उभा राहू? माझंच दार कुठलं राहील?

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार, संजनाला आशीर्वाद. लहानमोठं चुकलं असेल ते पोटात घालावं.

तुमचा धाकटा,
गंगाराम

ता. क. : संजनाला सांगावं, की तिने आपल्या नावाने किरणला विचारून शंभरेक ओळी मागवाव्यात. अट एकच, त्यांनी 'जा'ही म्हणू नये आणि 'थांब'ही म्हणू नये. समुद्र, वारा, पाणी, वाट, प्रवास, देव आणि शेवट हे शब्द वर्ज्य.

ता. क. दुसरा : हे सगळं लांबण लावलं ते एका वाक्यासाठी. जितेंद्रला मुंबईत कुठेही चिकटवा. गोडाऊन, लिफ्ट, काहीही चालेल. मात्र मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. तुम्हालाच सुचलं असं दाखवा.

ता. क. तिसरा (संध्याकाळी, पाकिटाला डिंक लावण्यापूर्वी) : नाना, तुमच्याशी खोटं बोललो. तो योगायोग नव्हता. मूळ ओळ अशी होती: 'किनारा सोडू नये, असं भीती सांगते. तिचं ऐकून घ्यावं आणि होडी पाण्यात ढकलावी.' मी त्या बुधवारी फळ्यावर सगळी लिहिली होती. मग वाटेवर जितेंद्र डबा घेऊन येताना दिसला आणि मी पुढचं बाहीने पुसलं. वादळाची मला काडीची कल्पना नव्हती. मला फक्त माझा मुलगा घरी हवा होता.

हे आज जितेंद्रला सांगायला गेलो. तो होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. वर न बघता म्हणाला, "माका म्हायत आसा, बाबानू. संजनान ती ओळ माका आदल्या दिसाच मोबायलार धाडलेली. तुमी पुसलास ता पण मी बघलंय." मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीस, आणि हे तीन आठवडे गप्प का? म्हणाला, "तुमी आपल्या हातान लिवल्याशिवाय मी जावचंय नाय."

बाबलीला विचारलं, रेडिओ ऐकला, आभाळ चारदा पाहिलं. सगळं बरं आहे. उद्या सकाळी ओळ पूर्ण लिहिणार. वरची नोकरीची विनंती रद्द समजावी. खेप चार-पाच दिवसांची आहे; हे पत्र तुम्हांला पोचेल तेव्हा तो पाण्यात असेल. परत आला की मी फोन करीन. तुम्ही मात्र करू नका. तो येईपर्यंत घरात फोन वाजलेला मला सोसणार नाही.